मागच्या खोलीतला उजेड

१

मी उजेड मोजते. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, याचा पगार मिळतो का. मिळतो. कारखान्यात, छापखान्यात, शिवणखात्यात माणसांच्या हातावर पुरेसा उजेड पडतो की नाही हे बघायचं, आकडा लिहायचा, कमी भरला तर मालकाच्या मागे लागून दिवे वाढवून घ्यायचे. सव्वीस वर्षं हेच करतेय. माझ्या मीटरला तारेच्या टोकाशी एक पांढरा गोल डोळा आहे. तो माणसाच्या कामाच्या जागी ठेवायचा, आपण बाजूला सरायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत गप्प राहायचं. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, पण काट्यासाठी राहते.

मीटर खरं बोलतोय की नाही, हे कचेरीत वर्षातून एकदा तपासतात. वर्षभर कुणावर डोळे मिटून विश्वास ठेवणं मला जमत नाही. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी मी घरातल्या मागच्या खोलीत जाते, खिडकीचा जाड पडदा ओढते, छताला टांगलेला माझा ठरलेला दिवा लावते आणि त्याच्या बरोबर एक मीटर खाली स्टुलावर डोळा ठेवते. काटा एकशे बारावर यायला हवा. कित्येक वर्षं तो एकशे बारावर येत होता.

मागची खोली दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. त्याने चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आम्हाला शिकवायला घेतलं. आठ महिन्यांपूर्वी वहिनी गेली. त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या तिच्या वेताच्या खुर्चीत, भर दुपारी. मी तेव्हा एका गोदामात उजेड मोजत होते.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आम्हाला आई नव्हती. तिने आईची उणीव भासू दिली नाही, असं नातेवाईक म्हणतात. खरं सांगायचं तर एवढं झापायला आईलाही जमलं नसतं. माझे केस विंचरताना ती इतकी बोलायची की गुंता सुटला कधी ते कळायचं नाही.

ती गेल्यावर दादा त्या खुर्चीसमोर स्वतःची खुर्ची टाकून बसायला लागला. सकाळी मी डोळा ठेवायला गेले की तो तिथेच असायचा. मी म्हणायचे, हलू नकोस, सावली पडेल. तो म्हणायचा, मी कुठे जातोय.

२

एका सोमवारी काटा एकशे दहावर थांबला.

उजेडाच्या मापात दोन लक्स म्हणजे काही आकाश कोसळत नाही. मी डोळा पुसला आणि परत ठेवला, तरी एकशे दहाच. पुढच्या आठवड्यात एकशे पाच झाले, मग सत्त्याण्णव. मी दिवा बदलून पाहिला, विजेचा दाब मोजला, स्टूल ते दिवा हे अंतर टेपने दोनदा तपासलं. सगळं जागच्या जागी होतं.

मग चुकतोय तो मीटरच, असं मी ठरवलं. बारा वर्षांचा जुना मीटर, त्यालाही कधीतरी म्हातारपण येणारच. त्याच्या पाठीवर एक बारीक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की काटा सरकतो. मी तो फिरवला आणि काटा एकशे बारावर आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी भरला, पुन्हा फिरवला. असं महिनाभर चाललं. सव्वीस वर्षं या कामात मुरलेली बाई मी, आणि घरच्या खोलीवरून उपकरण लावत होते. पण ती खोली कधी चुकेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच महिन्यात एका शिवणखात्यात गेले. तिथल्या एका बाईने सांगितलं की दुपारनंतर डोळे चुरचुरतात, सुईत दोरा ओवता येत नाही, सगळ्यांचंच तसं होतंय. मी डोळा तिच्या मशीनवर ठेवला. सातशे वीस भरले, नियमापेक्षा वीस जास्तच.

मी मीटर तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, “काटा बघून दोरा ओवला जात नाही, मॅडम.”

मला राग आला. मी 'योग्य' असं लिहून, सही करून निघून आले.

३

वार्षिक तपासणीला मीटर कचेरीतल्या काकांच्या हातात गेला. काका उपकरणं दुरुस्त करतात, जाड भिंगाचा चष्मा लावतात आणि कुणाचंही कौतुक करत नाहीत. त्यांनी मीटर त्यांच्या दिव्याखाली ठेवला, पाहिला, परत ठेवला आणि मला आत बोलावलं. मीटर दीडपट उजेड दाखवत होता.

मी म्हटलं, शक्य नाही, मी तो रोज तपासते. त्यांनी विचारलं, कशावर? म्हटलं, घरच्या दिव्यावर.

काकांनी चष्मा काढला. “मग मीटर नाही बिघडला, बाई. घर बिघडलंय.”

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. त्यांनी मीटर नीट लावून दिला आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत नेला. स्टुलावर पंच्याहत्तर भरले. मग मी डोळा हातात धरून खोलीभर फिरले. दाराशी शंभराच्या वर. कपाटाशी नव्वद. कोपऱ्याकडे जाऊ लागले तसा काटा उतरत गेला, साठ, चाळीस, अठरा. वहिनीच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर तो शून्याला टेकला आणि तिथेच पडून राहिला.

दिव्याचा उजेड खुर्चीकडे जात होता. वाटेत काही आडवं नव्हतं. तो फक्त परत येत नव्हता.

दादा बसल्या जागेवरून सगळं बघत होता. मी म्हटलं, दादा, इथे उजेड नाही. मी वळून दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, जाड आणि सावकाश, झोपेतून उठलेल्या माणसासारखा. तो म्हणाला, “आहे. थोडा आहे.”

४

आता या ठिकाणी शहाण्या माणसाने काय केलं असतं मला माहीत नाही. मी माझ्या धंद्याला जागले. उजेड कमी आहे ना, मग वाढवा. हेच तर मी लोकांना आयुष्यभर सांगत आले. दुप्पट ताकदीचा दिवा आणला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग छायाचित्रकार वापरतात तसला उभा प्रखर दिवा भाड्याने आणून थेट कोपऱ्यावर सोडला.

दर वेळी तासभर खोली झगझगीत व्हायची. कोपऱ्यातल्या काळोखाभोवती उजेडाचं एक बारीक कडं उमटायचं, एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला तांबूस, आणि ते इतकं सुंदर दिसायचं की मी मीटर विसरून बघत राहायचे. आत जाणारा उजेड जाता जाता जास्तच पेटत होता. दुसऱ्या दिवशी मोजलं की काळोख मुठीएवढा वाढलेला असायचा. खुर्चीमागच्या भिंतीवर एकच कॅलेंडर होतं. आता ते खुर्चीच्या डावीकडेही दिसायचं आणि उजवीकडेही, दोन्हीकडे थोडं वाकलेलं. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे.

एकदा चहा चुलीवर ठेवून दादाला बोलवायला आत गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, चल, चहा होतोय. तो उठतो का बघत थोडी थांबले आणि परत आले. भांडं करपून काळं झालं होतं, चहाचा थेंब उरला नव्हता आणि स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. माझ्या हातातल्या घड्याळाप्रमाणे मी तीन मिनिटं आत होते. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे पाऊण तास.

मी खिडक्या उघडल्या, भांडं पाण्यात टाकलं आणि स्वतःला समजावलं की घड्याळाचे सेल संपले असतील. सेल त्याच आठवड्यात मीच बदलले होते.

त्या संध्याकाळी कामावरून आले तेव्हा दादा म्हणाला, “अगं, तू आत्ताच तर गेलीस.” त्याचं सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं. आणि माझ्या आता लक्षात आलं की त्याची खुर्ची पूर्वीच्या जागी नाही. मी फरश्या मोजल्या. वहिनी गेली तेव्हा दोन खुर्च्यांमध्ये सात फरश्या होत्या. आता तीनच उरल्या होत्या.

५

मी त्याला उठवून ओसरीवर आणलं. हाताला धरून, जवळजवळ ओढत. बाहेरच्या उजेडात त्याला नीट पाहिलं. दाढी चार दिवसांची दिसत होती, आणि त्या महिन्यात त्याने दाढी केलेली मला आठवत नव्हती. तो वाळला नव्हता, खंगला नव्हता. त्याचे दिवसच आमच्यापेक्षा कमी झाले होते.

मी रडले. चांगली ढसाढसा रडले आणि म्हटलं, मला तुझ्याशिवाय कोण आहे, तू असा तिथे बसून संपणार असशील तर आधी मला सांग. त्याने माझं डोकं थोपटलं आणि मग शाळेत सांगायचा तसं, घाई न करता सांगितलं.

“बुटके, तू दिवे आणू नकोस. काळोख उजेडाने भरत नाही. उजेडालाही वजन असतं. तू त्याला जेवू घालतेयस, म्हणून तो वाढतोय.”

मी विचारलं, ते आहे काय? तो म्हणाला, मला तरी कुठे माहीत. आकाशातल्या अशा जागांबद्दल, कृष्णविवरांबद्दल मुलांना शिकवायचो. तिथे पडणारा माणूस लांबून बघणाऱ्याला कधी पडलेला दिसतच नाही. काठाशी तो हळू होत जातो, लाल होत जातो, पुसट होत जातो, पण दिसत राहतो. परीक्षेत चार मार्कांना यायचं. आपल्या घरात येईल असं कशाला वाटेल?

मग त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं.

“ती दिसते मला. खूप पुसट, विस्तवाच्या रंगाची. जाताना तिने माझ्याकडे हात उचलला होता. मी वर्तमानपत्रातून मान वर करेपर्यंत संपलं होतं. तो हात अजून वर येतोय. आठ महिन्यांत एवढासा आलाय. ती मला बोलावत होती की नको म्हणत होती, तेवढंच बघायचंय. जितकं जवळ जावं तितका हात लवकर हलतो.”

“आणि बोलावत असली तर?”

“तर काय,” दादा म्हणाला, “तिला ताटकळत ठेवून आधीच फार दिवस झालेत.”

६

मी सगळे दिवे काढले. भाड्याचा दिवा परत केला, खिडकीवर दुहेरी काळं कापड ठोकलं. काळोख वाढायचा थांबला, पण दादा बसायचा थांबला नाही. मी कामावरून परत यायचे आणि आधी फरश्या मोजायचे. तीन. मग अडीच. मग दोन. त्याला दटावलं, शपथा घातल्या, एकदा खोलीला कुलूपही लावलं. तो कुलपाबाहेर लहान मुलासारखा उभा राहिला आणि मला म्हणाला, उघड गं. मी उघडलं. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक हट्टापुढे वाकलेला माणूस तो, त्याच्यापुढे किती ताठ राहणार?

दुसऱ्याला धीर देणं सोपं असतं. मला तर धीर देणारं माणूसच त्या खुर्चीत बसलेलं होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी म्हटलं, दादा, तुला उत्तर हवंय ना? मी बघून येते. पुसट उजेड वाचायचं कसब तुझ्यापेक्षा मला जास्त आहे, पोट भरलंय त्यावर. मी तुझ्या पुढे जाते, बघते आणि तुला सांगते. मग तू उठायचं. कबूल?

तो नको म्हणाला. मग त्याने हात पुढे केला, आणि मी पिशवीतून माझी पोलादी टेप काढून तिची डबी त्याच्या हातात दिली. टेपचं टोक मी मनगटाला घट्ट गुंडाळलं. तो म्हणाला, दुसऱ्या फरशीच्या पुढे नाही. आणि मी ओढलं की यायचं.

७

पहिली फरशी ओलांडली तेव्हा काही वाटलं नाही. खोली तशीच होती. उलट बरं वाटत होतं, उन्हातून घरात आल्यावर वाटतं तसं.

दुसरीवर पाय ठेवला आणि मागून दादाचा आवाज आला. तो आवाज बारीक आणि भरभर होता, शब्द एकमेकांवर चढत होते, मला एकही कळला नाही. मी म्हटलं, सावकाश बोल. मान वळवली नाही, पण माझी सावली समोरच्या जमिनीवर पडलेली दिसत होती. काळ्या कापडाच्या कडेने येणाऱ्या उजेडाची ती सावली निळसर होती. ती गेली. परत आली. परत गेली. खिडकीबाहेर कुणी दिवा लावतंय आणि विझवतंय असं मला वाटलं, आणि माझ्या मनाच्या शहाण्या भागाने शांतपणे सांगितलं की तो दिवा नाही, ते दिवस आहेत.

मग मी समोर पाहिलं.

वहिनी होती. सगळी नव्हती. कपाळ, एक गाल, खांद्याची कड आणि हात. राखेखालच्या निखाऱ्याचा रंग. माझ्या मीटरला तो उजेड कळलाही नसता, पण मला कळला. मी तिला हाक मारली असेन. तिचा गाल ओळखला आणि माझे पाय मोकळे झाले, मला पुढे जायचं होतं, दादा, टेप, फरश्या, काही आठवत नव्हतं. नऊ वर्षांची होते मी.

तिचा हात माझ्यासमोर वर आला. तळवा पूर्ण उघडला. आणि मग बोटं हलली.

मी ती कशी हलली ते पाहिलं. तिचे डोळे कुठे बघत होते तेही पाहिलं.

त्याच क्षणी मनगटाला असा हिसका बसला की खांद्यातून कळ गेली. मी मागे पडले, पुन्हा ओढली गेले, फरशीवरून घसरत. दादा दोन्ही हातांनी टेप गोळा करत मागे मागे सरत होता. ओढता ओढता त्याची खुर्ची कुठेतरी उलटली होती, तो स्वतः कपाटापर्यंत, मग दारापर्यंत आला होता, आणि तरी ओढत होता. उंबऱ्याबाहेर आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो.

८

माझ्या घड्याळाप्रमाणे मी आत दोन मिनिटं होते. दादा म्हणाला, तो पूर्ण एक दिवस मला हाका मारत होता, ओढत होता आणि मी इंचाइंचाने येत होते. त्याच्या तळहातात टेपच्या धारेने आरपार चर पडले होते आणि त्याने डबी क्षणभरही खाली ठेवली नव्हती. बाहेरच्या दाराशी मात्र चार दिवसांची वर्तमानपत्रं पडली होती.

त्याने माझं मनगट तपासलं, पाणी पाजलं, मला झापलं. मग समोर बसून विचारलं.

“काय म्हणाली?”

“थांब म्हणाली,” मी सांगितलं. “हात असा पुढे केला. नको येऊस म्हणाली.”

मग त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. म्हणाला, तिचंच म्हणणं मोडायचं म्हणजे फार झालं. आणि पहिल्यांदा, आठ महिन्यांत पहिल्यांदा, माझा भाऊ बायकोसाठी रडला.

पुढच्या आठवड्यात मी शिवणखात्यात गेले. त्या बाईच्या मशीनवर डोळा ठेवला, चारशे ऐंशी भरले. माझी सही खोडली, चूक माझी होती असं मालकासमोर सांगितलं आणि तिची माफी मागितली. तिने विचारलं, कशी काय चूक झाली? म्हटलं, घरात थोडी अडचण होती.

दादा आता जेवतो. दाढी करतो. शेजारच्या मुलींना गणित शिकवतो आणि त्यांच्या पालकांची डोकी खातो. मागच्या खोलीचं दार आम्ही बंद ठेवतो, आत उजेडाचा कणही जाऊ देत नाही. कधी कधी चहा पिता पिता तो सहज विचारल्यासारखं विचारतो, थांबच म्हणाली ना? मी हो म्हणते. तो मान हलवतो आणि उरलेला चहा संपवतो.

तिची बोटं आत वळली होती, बोलावताना वळतात तशी. आणि ती दादाकडे बघत नव्हती.

सकाळी कामावर निघताना मला मागच्या खोलीच्या दारावरून जावं लागतं. त्या दाराला ऊन लागत नाही. तरी हात टेकवला की फळी किंचित कोमट लागते, कुणी आत्ताच पलीकडून गाल टेकवून गेल्यासारखी. मी थोडा वेळ उभी राहते. स्वयंपाकघरातून दादा विचारतो, बुटके, निघालीस का? मी हो म्हणते आणि हात काढून घेते. अजून तरी रोज काढून घेते.